प्रसादाचा शिरा आणि गव्हाचे पथ्य



गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील गोष्ट. शाळेत आरती झाली आणि प्रसादाचा शिरा वाटला जात होता. सहावीच्या रांगेतील एका मुलीने हात पुढे केला नाही. वाटप करणाऱ्या आमच्यापैकीच एका बाई तिला प्रेमाने म्हणाल्या, "अगं, बाप्पाच्या प्रसादाला नाही म्हणू नये. एक घास तरी घे." मुलगी जरा घुटमळली, इकडेतिकडे पाहिले आणि तिने घास घेतला. पुढचे दोन दिवस ती शाळेत आली नाही.

तिसऱ्या दिवशी तिची आई भेटायला आली. हातात रिपोर्टांची जाड फाइल होती. ती रागावलेली नव्हती, हेच आम्हाला जास्त लागले. म्हणाली, "बाई, तुम्ही मुद्दाम नाही केलंत. पण तिला गहू चालत नाही हो. प्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलं होतं मी." फॉर्म काढून पाहिला. लिहिलेले होते, आणि आम्ही ते वाचलेलेही होते. तिच्या डब्यात पोळी नसते हे वर्गशिक्षिकेला ठाऊक होते. पण शिरा म्हणजे रवा आणि रवा म्हणजे गहू, हे त्या गर्दीत कोणाच्याच ध्यानात आले नाही. पोळी नाही ना, मग चालेल, एवढाच आमचा समज.

त्या फाइलीत प्रत्येक कागदावर एक शब्द होता, सीलिॲक. त्या दिवसानंतर आम्ही काही शिक्षकांनी मिळून या रोगाविषयी वाचले आणि पालकांपैकी जे डॉक्टर आहेत त्यांना शंका विचारल्या. जे समजले ते या अंकात देत आहोत. मुलीच्या आईवडिलांनी लिहायला आनंदाने संमती दिली. नाव अर्थातच देत नाही.

घरचेच भांडण

आपल्या शरीरात एक संरक्षण व्यवस्था असते. बाहेरून आलेले जंतू ओळखायचे आणि मारायचे, आणि शरीराच्या स्वतःच्या पेशींना हात लावायचा नाही, हे तिचे काम. काही लोकांच्या बाबतीत ही ओळख चुकते आणि ती आपल्याच अवयवांवर हल्ला करते. अशा रोगांना डॉक्टर ऑटोइम्यून रोग म्हणतात. मराठीत स्वयंप्रतिकार विकार असा शब्द रूढ होतो आहे. लहान मुलांना होणारा, पहिल्या प्रकारचा मधुमेह हा त्यातलाच. तिथे स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या जातात. हातापायांची बोटे सुजवणारा आमवात, थायरॉइडचा हाशिमोटो नावाचा विकार, अंगावर पांढरे डाग आणणारे कोड, ही सगळी याच कुळातील.

यातले बहुतेक रोग का सुरू होतात? काही भाग आनुवंशिक असतो, काही बाहेरच्या कारणाचा. पण ते बाहेरचे कारण नेमके कोणते, हे बहुतेक रोगांत बोट ठेवून सांगता येत नाही. सीलिॲक याला अपवाद आहे. तिथे कारण नावानिशी माहीत आहे: गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन. ते पूर्ण बंद केले की हल्ला थांबतो आणि आतडे पुन्हा भरून येते. आहार हेच औषध, असे ज्याबद्दल शब्दशः म्हणता येईल असा हा ऑटोइम्यून रोग आहे. म्हणूनच आहार आणि ऑटोइम्यून रोग यांचा संबंध समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी.

ग्लुटेन डोळ्यांनी पाहता येते. आठवीच्या मुलांनी हा प्रयोग प्रयोगशाळेत करून पाहिला, तुम्ही घरी करा. मैद्याचा घट्ट गोळा मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग भांड्यात पाणी घेऊन त्यात तो गोळा हलक्या हाताने चेपत धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होते, तो स्टार्च. पाणी दोन-तीनदा बदलून धूत राहिले की शेवटी हातात एक चिवट, रबरासारखा, पिवळसर गोळा उरतो. तेच ग्लुटेन. इटलीतील बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या विद्वानाने हाच प्रयोग १७४५ मध्ये प्रसिद्ध केला होता. आजीने कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना तुम्ही पाहिले असेल, तेही याच्याच जवळचे काम. (चिकातून ग्लुटेन पूर्णपणे जात नाही, म्हणून कुरडई चालते असे मात्र कोणी समजू नये.) या चिवटपणामुळेच पोळी फुगते, मोठी लाटता येते आणि घडी घातली तरी मोडत नाही. ज्वारीची भाकरी थापावी लागते, लाटता येत नाही, याचे कारणही हेच. तिच्यात ग्लुटेन नाही.

आता आतड्यात काय होते ते पाहू. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात, प्रत्येकी जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर उंच. नवा टर्किशचा टॉवेल हाताला कसा लागतो ते आठवा. त्या फुलोऱ्यामुळे टॉवेल पाणी भराभर शोषतो. आतडेही तसेच अन्नरस शोषते. ग्लुटेन पचायला मुळातच अवघड. त्याचे काही तुकडे आपले पाचकरस तोडूच शकत नाहीत. हे तुकडे तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या आतड्यात राहतात आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. पण ज्यांच्याकडे डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ नावाची आनुवंशिक खूण असते, त्यांच्यातील काहींच्या बाबतीत गोष्ट वेगळी घडते. आतड्याच्या भिंतीतील ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर त्या तुकड्यात थोडा बदल करते, बदललेला तुकडा त्या खुणेच्या खोबणीत घट्ट बसतो, आणि संरक्षक पेशींना तो शत्रू वाटतो. लढाई सुरू होते. तिच्यात शरीर त्या विकराविरुद्धही प्रतिपिंडे बनवू लागते. म्हणजे भांडण सुरू झाले बाहेरून आलेल्या धान्याशी, आणि मार खाल्ला घरच्याच माणसाने. १९९७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी हे विकर ओळखले, आणि आज रक्ताची जी तपासणी करतात ती याच प्रतिपिंडांची.

हळूहळू तो फुलोरा झिजतो. टॉवेल वर्षानुवर्षे वापरून गुळगुळीत होतो तसा. मग खाल्लेले अंगी लागत नाही. पोट पुढे, हातपाय काड्या, जुलाब, असे चित्र जुन्या पुस्तकांत असते. पण पुष्कळ मुलांना जुलाब मुळीच होत नाहीत. उंची वाढत नाही, रक्त वाढत नाही, चिडचिड होते, हाडे ठिसूळ होतात, वयात यायला उशीर होतो, एवढेच दिसते. आमच्या या मुलीला दुसरीपासून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. जंताचे औषध झाले, टॉनिके झाली, दृष्टही काढून झाली. घरात सगळेच किरकोळ अंगकाठीचे, असे म्हणून दोन वर्षे गेली. नवव्या वर्षी एका डॉक्टरांनी रक्ताची ती तपासणी सुचवली आणि उलगडा झाला.

एक खुलासा इथेच करतो. आपल्याकडे सर्रास याला 'गव्हाची ॲलर्जी' म्हणतात, त्या प्रवेशाच्या फॉर्मवरही आईने तसेच लिहिले होते. पण ही ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, आणि जे काही व्हायचे ते बहुधा लगेच होते. सीलिॲकमध्ये एक घास खाल्ला आणि त्या दिवशी काहीच झाले नाही, असेही होऊ शकते. आतड्याचे नुकसान मात्र आत चालू राहते. 'बघ, खाल्लंस आणि काही झालं नाही ना' हे वाक्य म्हणून फार धोक्याचे.

शिंपले, केळी आणि पाव

या रोगाचे कारण शोधायला माणसाला जो वेळ लागला, तो इतिहास आम्हाला फार उद्बोधक वाटला. मोठी, हुशार माणसे उत्तराच्या किती जवळून निघून गेली पाहा.

ग्रीक वैद्य ॲरेटिअस याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी या रोगाचे वर्णन केले. सीलिॲक हा शब्द पोटासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला. त्यानंतर लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८७ मध्ये व्याख्यान दिले, ते पुढच्या वर्षी छापून आले. रोगी बरा व्हायचाच असेल तर आहारानेच होईल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. कोणता आहार, हे मात्र त्यांना सापडले नाही. त्यांच्या एका बालरुग्णाला रोज हॉलंडचे ताजे शिंपले खायला दिले तेव्हा त्याची प्रकृती उत्तम सुधारली. हंगाम संपला, शिंपले मिळेनात, आणि तो पुन्हा आजारी पडला. पुढच्या हंगामात पोराने शिंपले खायलाच नकार दिला. (एवढे रोज खाऊन कंटाळला असणार, आम्ही त्याला दोष देत नाही.) बहुधा शिंपल्यांत काही जादू नव्हती, ते खात असताना पाव पोटात जात नव्हता, एवढेच.

१९२४ मध्ये अमेरिकेतील सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. पाव, बटाटे, धान्य बंद आणि भरपूर केळी. मुले खरोखर सुधारली. केळी गुणकारी आहेत, असा निष्कर्ष निघाला आणि पुढची कित्येक वर्षे तो टिकला. मुले बरी दिसू लागली की त्यांना पुन्हा पाव दिला जाई, आणि अनेकांचा रोग उलटे. काय दिले याकडे सर्वांचे लक्ष होते. काय काढून घेतले याकडे कोणी पाहिले नाही.

ते पाहिले हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. ते द हेग शहरातील मुलांच्या रुग्णालयात काम करीत. १९३० नंतरच्या काळात एका आईने त्यांना सांगितले की पाव बंद केला की माझ्या मुलाचा त्रास कमी होतो. डॉक्टरांनी आईचे ऐकले. हे सोपे वाटते. पण डॉक्टरांनी आईचे ऐकणे आणि आम्ही शिक्षकांनी प्रवेशाचा फॉर्म नीट वाचणे, दोन्ही तेवढीच दुर्मीळ. त्यांनी गहू वगळून मुलांना आहार द्यायला सुरुवात केली आणि १९४१ मध्ये त्याबद्दल लिहिलेही.

मग आला १९४४-४५ चा हिवाळा. दुसरे महायुद्ध चालू होते, हॉलंडचा पश्चिम भाग जर्मनांच्या ताब्यात होता आणि अन्नाची वाट अडवलेली होती. डच लोक त्याला उपासमारीचा हिवाळा म्हणतात. सुमारे २०,००० माणसे त्यात गेली. लोकांनी ट्यूलिपच्या फुलांचे कंद उकडून खाल्ले. सारा देश खंगत असताना सीलिॲकची मुले मात्र सुधारत होती, कारण पावच मिळत नव्हता. पुढे मदतीचा पाव येऊ लागला, आणि मुले पुन्हा आजारी पडली. पुष्कळदा ही गोष्ट अशी सांगतात की युद्धामुळे डिकेंना अचानक शोध लागला. तसे नाही. शंका त्यांना आधीपासून होती. त्या हिवाळ्याने ती पक्की केली. १९५० मध्ये त्यांनी यूट्रेख्त विद्यापीठात प्रबंध सादर केला: गहू आणि राय काढल्यावर मुलांचे वजन वाढते, दिल्यावर घटते. त्यांचे सहकारी वायर्स आणि रसायनतज्ज्ञ फान डे कामर यांनी मुलांच्या शौचातून किती स्निग्धांश वाया जातो हे मोजून दाखवले, आणि दोष स्टार्चमध्ये नसून ग्लुटेनमध्ये आहे हे सिद्ध झाले.

आपल्याकडे किती?

सीलिॲक हा गोऱ्या लोकांचा रोग आहे, असे भारतात पुष्कळ वर्षे समजत. २०११ मध्ये दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी दिल्लीच्या परिसरातील लोकांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे ९६ माणसांमागे एकाला हा रोग आढळला. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे याची कल्पनाही नव्हती. २०१६ मध्ये आणखी मोठी पाहणी आली. रक्तात या रोगाची प्रतिपिंडे आढळण्याचे प्रमाण उत्तरेत शंभरात १.२३, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत अवघे ०.१०. यात लक्षात घेण्यासारखे असे की ती आनुवंशिक खूण तिन्ही भागांत साधारण सारखीच, तीन जणांत सुमारे एकाला. फरक होता ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५. केवळ गव्हानेच हा सगळा फरक पडतो असे नाही, नाहीतर ईशान्येचा आकडा एवढा नसता. पण दुर्लक्ष करण्यासारखीही ही गोष्ट नाही.

ही पाहणी माळव्यात झालेली नव्हती. तरी इंदूरच्या मराठी माणसाने स्वतःच्या ताटाकडे पाहावे. होळकरांच्या काळात आपले पूर्वज इकडे आले ते ज्वारी-बाजरीच्या मुलखातून किंवा कोकणातल्या भाताच्या. माळव्यातही ज्वारी-मक्याची भाकरी रोजची होती असे आमच्या आज्या सांगत. आज सकाळी पोळी, रात्री पोळी, मधल्या वेळी बिस्किटे, रविवारी दाल-बाफले. ज्याच्या अंगात ती खूण नाही त्याला याने काही होत नाही, गहू वाईट नाही. पण ज्याच्या अंगात आहे, त्याला शत्रू रोज तीनदा घरी येऊन भेटतो.

गहू कुठे कुठे लपतो

हा भाग पालकांनी, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्यांनी, सावकाश वाचावा. पोळी, पाव, बिस्किटे, मैदा, रवा, दलिया, शेवया, कुरडया हे उघड आहे. खपली गहू जुना, देशी, म्हणून चालतो असे काही जण सांगतात. चालत नाही, खपलीतही ग्लुटेन असते. मेतकुटात डाळींबरोबर गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू पडतोच. सातूचे पीठ गव्हाचे किंवा जवाचे. आणि हिंग! बाजारात मिळणारा पुडीतला बांधानी हिंग नुसता हिंग नसतो; त्यात डिंक आणि पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डबीवरची बारीक अक्षरे वाचावीत. म्हणजे वरणभातसुद्धा फोडणीमुळे बिघडू शकतो. तिच्या आईने हे सांगितले तेव्हा आम्ही अक्षरशः गप्प झालो.

मग खायचे काय? उत्तर आपल्याच घरात आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, सगळ्या डाळी. आणि उपवासाचे पदार्थ आठवा: साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळी. एकादशीचे ताट या मुलीला रोज चालते. पोहे चालतात, जिलबी नाही. भुट्ट्याचा कीस चालतो, गराडू चालतात. सराफ्यात मात्र एकाच तेलात मैद्याची कचोरी आणि गराडू दोन्ही तळत असतील, तर गराडूही गेले.

हे एकत्र येणे फार घातक. ज्वारी दळायला चक्कीवर दिली आणि आधी कोणाचा गहू दळला असेल, तर ज्वारीत गहू आला. आपल्या देशात खाद्यपदार्थावर ग्लुटेनमुक्त असे लिहायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा नियम आहे. एक किलोत २० मिलिग्रॅम म्हणजे किती ते मुलांनी गणिताच्या तासाला काढून पाहावे. चक्कीच्या पात्यात अडकलेले पीठ त्याहून सहज जास्त असते. या मुलीच्या घरी लहान घरगुती चक्की आहे, तवा आणि पोळपाट वेगळे आहेत. आजीला हे सोवळे लगेच समजले. म्हणाली, "आमच्या वेळी सोवळ्याचं कारण कोणी सांगत नव्हतं, इथे निदान कारण तरी आहे." चाळीस वर्षे पोळ्या केलेली ती बाई आता नातीसाठी वेगळ्या परातीत भाकऱ्या थापते. पथ्य सुरू झाल्यावर वर्षभरात मुलीचे रक्त वाढले आणि दोन गणवेश आखूड झाले.

दुसऱ्या रोगांचे काय?

हे वाचून कोणाला वाटेल की मग सगळे ऑटोइम्यून रोग पथ्याने बरे होत असतील. इथेच फार सांभाळायला हवे, कारण असे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात.

पहिल्या प्रकारचा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही आणि कडू खाल्ल्याने जात नाही. त्या मुलाला इन्सुलिन हवेच. आहार मोजावा लागतो तो इन्सुलिनशी मेळ बसावा म्हणून. कोणाच्या सांगण्यावरून इन्सुलिन थांबवले तर मूल काही दिवसांत दगावू शकते. याहून सौम्य शब्दांत हे लिहिता येत नाही. कोडाबद्दल आपल्याकडे मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने ते होते असे म्हणतात. त्याला आधार नाही, आणि कोड शिवल्याने पसरत नाही.

आमवाताचे थोडे वेगळे आहे. ऑस्लो येथील डॉक्टरांनी १९९१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात रोग्यांच्या एका गटाला काही दिवस उपवास आणि मग वर्षभर शाकाहार दिला. दुसऱ्या गटाचा नेहमीचा आहार ठेवला. पहिल्या गटाची सूज आणि दुखणे कमी झाले. पण रोगी पन्नासच्या आसपास, आणि रोग गेला नव्हता, उतरला होता. आहाराने मदत होते आणि औषधाची जागा मात्र घेता येत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. आतड्याच्या क्रोन रोगात मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त विशिष्ट द्रव आहार देऊन रोग आटोक्यात आणतात. ते मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालचे उपचार असतात, घरचा उपास नव्हे. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर पाच वर्षे चाललेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला. रोज ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ऑटोइम्यून रोगांचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळले. ते लोक पन्नाशीच्या पुढचे होते, म्हणून मुलांना मनाने गोळ्या सुरू करू नयेत.

आणि सीलिॲक नसताना, इतर कुठल्या तक्रारीसाठी गहू सोडावा का? हल्ली पुष्कळ जण सोडतात. त्यांना एकच विनंती: तपासणीच्या आधी सोडू नका. गहू बंद केला की रक्तातील प्रतिपिंडे उतरतात, आतडे सुधारते, आणि तपासणीत काहीच सापडत नाही. मग रोग होता की नव्हता हे कळायला पुन्हा काही आठवडे गहू खाऊन त्रास सोसावा लागतो. आधी रक्त तपासा, डॉक्टर म्हणतील तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासा, आणि मगच डबा बदला. घरात एकाला सीलिॲक निघाला तर आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करावी, कारण त्यांना तो असण्याची शक्यता इतरांहून बरीच जास्त असते. पहिल्या प्रकारचा मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून विकार असलेल्यांनाही डॉक्टर ही तपासणी सुचवतात.

यंदा शाळेत

शिक्षक-पालक सभेत हा विषय निघाला. विश्वस्तांपैकी एका काकांनी विचारले, एका मुलीसाठी सगळ्यांचा शिरा बंद का करायचा? प्रश्न रास्त होता आणि त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी एका आजींनीच तोडगा काढला. गणपतीचा मूळचा प्रसाद शिरा कुठे, खिरापत! सुके खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर, बदाम. यात गव्हाचा कणही नाही, आणि शिऱ्यासारखे हात चिकट होत नाहीत हा वरचा फायदा. यंदा तीच ठरली आहे. विसर्जनाच्या दिवशी उकडीचे मोदक होतील, त्यांचे तांदूळ मुलीच्या घरच्या चक्कीवर दळून आणण्याचे तिच्या आजीने स्वतःहून कबूल केले आहे. सहलीच्या दिवशी तिचा डबा वेगळ्या पिशवीत आणि वेगळ्या चमच्यासह राहील. कोणीही मूल 'मला हे चालत नाही' म्हणाले तर त्याला आग्रह करायचा नाही, एवढे आम्ही शिक्षकांनी आपसात ठरवले आहे.

स्नेहसंमेलनाच्या जेवणाचे मात्र एक अडले आहे. वरणाच्या फोडणीसाठी पीठ न मिसळलेला हिंग हवा आहे. इंदुरात तो कुठे मिळतो हे कोणा पालकांना ठाऊक असल्यास कृपया शाळेच्या कार्यालयात कळवावे.